शू वानची जागा

सूचिनने माशावर ठेचलेल्या लाल मिरच्या पसरल्या आणि भांड्यावर झाकण ठेवलं. आठवड्यातून रविवारची तेवढी एक दुपार लेक निवासी शाळेतून घरी यायची, आणि आज तर मासा हवाच होता. चाचणीची यादी सकाळीच पालकांच्या ग्रुपवर आली होती. थान युएलिन, पहिली.

दोन वर्षं युएलिन दुसरी येत होती. पहिली कायम शू वान. सूचिनने त्या मुलीला कधी पाहिलं नव्हतं, तरी ती जणू याच घरात राहत होती. जेवताना तिचं नाव निघायचं, केस विंचरताना निघायचं. शू वान किती वाजता उठते? शू वान म्हणे जेवताना शब्द पाठ करते. तिला काय दोन डोकी आहेत?

युएलिन आली आणि दप्तर पाठीवर ठेवूनच टेबलाशी बसली.

"अगं, तोंड का असं? मिरवायचं सोडून!" सूचिनने माशाच्या गालाचं मऊ मांस काढून तिच्या भातावर ठेवलं. "ती शू वान काय करत असेल गं आता? रडून रडून डोळे सुजले असतील बिचारीचे."

"नाही रडत." युएलिन भाताकडे बघत होती. "ती नाहीये, आई."

"नाहीये म्हणजे? शाळा बदलली?"

"जीव दिला तिने. दहा दिवस झाले. घरी बोलू नका म्हणून सांगितलंय आम्हाला."

भांड्यातली वाफ खिडकीच्या काचेवर चढत होती.

"आमच्या जागा नंबराप्रमाणे असतात ना," युएलिन म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना एकेक जागा पुढे सरकवलं. मी तिच्या बाकावर बसते. कोपऱ्यात तिने पेन्सिलीने बारीक बारीक शब्द लिहून ठेवलेत, पाठ करायला. मीही तेच वाचत बसते दिवसभर. मार्क तर मागच्याइतकेच आहेत माझे. एकही वाढला नाही."

सूचिनने हातातल्या जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. शू वानलाही आई असेल, हे आजवर तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"लिनलिन," तिने हळूच विचारलं, "तुझ्या मनात तसलं काही येतं का गं?"

युएलिन हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. गणितातली शंका विचारावी तशा सपाट आवाजात तिने विचारलं, "आता पुढचा नंबर माझाच ना?"

सूचिन टेबलाला वळसा घालून आली. तिने लेकीची दोन्ही मनगटं धरली. बर्फासारखी गार. तिला ती सोडवेनात. शेवटी एका हाताने तिने फोन उचलला आणि वर्गशिक्षकांना लावला.

"पंग सर, युएलिन आज परत येत नाही. उद्याही नाही. मी तिला डॉक्टरकडे नेतेय, मनाच्या. बरी होईपर्यंत ती माझ्यापाशीच राहील."

"युएलिनच्या आई, काय बोलताय हे?" पंग सरांचा आवाज चढला. "मोठी परीक्षा शंभर दिवसांवर आलीय! आणि तुमची मुलगी पहिली आहे, पहिली!"

"म्हणून तर," सूचिन म्हणाली.