सहावं शील

सोमावतींनी दोन्ही हात जोडले, हसल्या आणि मान हलवली. नको.

पार्वताबाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. घरच्या तांदळाचा भात, वरण, लाखोरीच्या डाळीचे वडे. पहाटे उठून केलेलं.

"विहीणबाई, थोडं तं घ्या. एक वडा."

सोमावतींना मराठी येत नव्हती. त्या पुन्हा हसल्या, पुन्हा हात जोडले.

पवनीच्या टेकडीखाली, बाभळीच्या अर्ध्या सावलीत पार्वताबाई, त्यांचे यजमान केशवराव आणि विहीणबाई अशी तिघं बसली होती. पार्वताबाईंच्या मुलानं, जीवननं, श्रीलंकेची मुलगी केली. सून नोकरीमुळे तिकडेच राहिली आणि तिची आई सोमावती लेकीचं सासर पाहायला जावयासोबत मोहाडीला आली. आल्या आल्या त्यांनी पवनीचं नाव घेतलं. इथं जुना स्तूप होता, हे त्यांना तिकडे बसून ठाऊक होतं. येताना अड्याळजवळ टायर पंक्चर झालं, उशीर झाला. तिघांना इथं सोडून जीवन ते टायर दुरुस्त करायला गावात गेला होता. दोघींची भाषा जाणणारा तोच एक.

केशवरावांनी आपलं ताट खाली ठेवलं.

"भर डबा. आता नको आग्रह करू."

"काहून जी?"

"आपल्या हातचं खात नसतीन त्या."

"काहीतरीच! त्याही बुद्धाच्याच आहेत."

"असतीन. माह्या आबाच्या ओसरीत मोठ्या जातीचे लोक येत. बसत, बोलत. पाणी विचारलं का असेच हात जोडून हसत."

"हळू बोला. ऐकू जाईन त्यायले."

"भाषा कोठं समजते त्यायले?"

"चेहरा तं समजते न."

केशवरावांनी तोंड फिरवलं.

आज पौर्णिमा. दर पौर्णिमेला पार्वताबाई अष्टशील, आठ नियमांचं व्रत, पाळत. लग्न होऊन आल्यापासून कधी चुकल्या नव्हत्या. पण समुद्र ओलांडून आलेली पाहुणी एकटी कशी जेवेल, म्हणून आज त्यांनी शील घेतलंच नव्हतं. तिच्यासोबत बसून दोन घास खायचे, असं मनाशी ठरवलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी एक वडा उचलून सरळ सोमावतींच्या तळहातावर ठेवला.

सोमावतींनी तो कपाळाला लावला. तसाच ताटात परत ठेवला. मग बोट वर करून सूर्य दाखवला.

"ऊन लागून राहिलं वाटते," म्हणत पार्वताबाई सतरंजी सावलीकडे ओढू लागल्या.

सोमावतींनी त्यांचा हात धरून थांबवलं. डोळे मिटले आणि अगदी हळू आवाजात पालीत म्हणू लागल्या, "पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि..."

पार्वताबाईंचा हात सतरंजीवरच राहिला.

एकेका शीलाला सोमावती एकेक बोट मिटत होत्या. सहाव्याला थांबल्या. डोळे उघडले. बोट सूर्याकडे गेलं, मग ताटाकडे.

"विकालभोजना वेरमणी..."

"सिक्खापदं समादियामि," पार्वताबाईंच्या तोंडून निघून गेलं.

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. चाल निराळी होती. शब्द तेच होते, एकही इकडचा तिकडे झाला नव्हता.

"काय म्हणतात?" केशवरावांनी विचारलं.

"माध्यान्ह उलटली न जी. आता उद्या उजाडेपर्यंत अन्न नाही घेत त्या." पार्वताबाईंनी सतरंजी सोडली. "माह्यंच शील आहे. मी आपल्या घरी बसून मोडाले निघाली, अन् ह्या परक्या मुलखात येऊन..."

त्यांनी डबा पुढं ओढला.

केशवरावांनी वड्यांच्या ताटाकडे पाहिलं. मग ओशाळून म्हणाले, "मंग एवढे वडे मी एकट्यानंच खाऊ काय?"

"खा न. तुमचं कोणतं शील आडवं येते!"

सोमावती उठल्या. चपला सतरंजीपाशीच काढून ठेवल्या आणि उतारावर चरणाऱ्या बकऱ्यांमधून वाट काढत अनवाणी टेकडी चढू लागल्या. वर मातीतून विटांची एक झिजकी ओळ तेवढी उघडी होती. त्यांनी गुडघे टेकले, कपाळ त्या विटांना लावलं. बराच वेळ उचललं नाही.

पार्वताबाईंनीही चपला काढल्या. घाईघाईनं वर गेल्या, सोमावतींच्या शेजारी टेकल्या. दोन पांढऱ्या लुगड्यांत कोणती कोण, ते खालून ओळखू येईना. मग दोन चालींतले तेच शब्द टेकडीवरून खाली येऊ लागले.

गाडी घेऊन जीवन परतला, तेव्हा डबा भरलेला होता आणि केशवरावांचं ताट झाकून ठेवलेलं.

"बाबा, तुम्ही तं जेवून घ्याचं होतं!"

केशवरावांनी टेकडीवरची नजर काढली नाही.

"बारा वाजून गेले न," ते म्हणाले.