खटक्याचा दात

पत्राला आठ महिने होऊन गेले होते. उत्तर न दिलेलं ते पत्र गॅरेजमध्ये मिस्त्रीच्या टेबलाच्या खणात, वॉशरच्या डब्याखाली पडून होतं. मेहुण्याचं होतं. मजकूर थोडाच: ‘भाऊजी, सगळे म्हणतात मी हँडब्रेक ओढलाच नाही. मी ओढला होता. पण रोज तेच ऐकून आता माझी मलाच खात्री वाटेनाशी झालीय. तुम्ही ती गाडी ओळखता. एकदा उघडून बघा आणि जे असेल ते कळवा.’

मेहुणा ट्रक चालवायचा. अपघाताच्या दिवशी तो पावती आणायला खाली उतरला होता, हमाल मागे पोती टाकत होते आणि उतारावरचा ट्रक आपोआप चालू लागला. तो थेट वजनकाट्याच्या खोलीत घुसला. कारकुनाचा पाय मोडला. केबिनमध्ये पाहिलं तर ब्रेकचा दांडा खाली, म्हणजे न ओढलेला. ट्रकच्या मालकाने मिस्त्रीला विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं होतं की ब्रेक मीच केलाय, ब्रेकमध्ये काही दोष नाही. मेहुण्याच्या हातचं स्टिअरिंग त्या दिवशी गेलं ते गेलंच. आता तो एका गोदामाच्या दाराशी बसून दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर लिहीत असे.

आज तोच ट्रक गॅरेजसमोर उभा होता. नव्या ड्रायव्हरचं म्हणणं, दांडा ओढला तरी कधी कधी वर राहत नाही. मालकांनी केबल बदलून घ्यायला सांगितलंय आणि दुपारी माल भरायचाय.

मिस्त्रीने केबल पाहिली. चांगली होती. मागची चाकं उचलून ड्रम उघडले. लायनर जाड, कोरडे. दांडा ओढून चाक फिरवून पाहिलं, फिरलं नाही. ट्रक समोरच्या उतारावर उभा करून पाहिला, तिथेही तो जागचा हलला नाही. नवी केबल टाकून गाडी देऊन टाकायला कुणाची हरकत नव्हती. ड्रायव्हर तर चावीसाठी हात पुढे करूनच उभा होता.

“थांबा जरा,” मिस्त्री म्हणाला आणि त्याने बायकोला हाक मारली.

घर गॅरेजच्या मागेच होतं. ब्रेकचं काम निघालं की केबिनमध्ये तीच बसायची. इतक्या वर्षांत ‘दाब’ आणि ‘सोड’ यापलीकडे कामाचं बोलणं लागलं नव्हतं. गेले आठ महिने इतर बोलणंही तेवढ्यावरच आलं होतं. भावाच्या पत्राचं काय केलंत, असं तिने दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

ट्रक पाहून ती थबकली. मग वर चढली.

मिस्त्रीने चाकांच्या उताराकडच्या बाजूला, वीतभर जागा सोडून, मोठे दगड ठेवले. गिअर काढला. इंजिन चालू राहू दिलं. तिला दांडा ओढायला सांगितलं आणि ड्रायव्हरला मागे चढून स्टेपनी आपटायला.

“आणि माझी कंबर कोण दुरुस्त करणार?” ड्रायव्हर म्हणाला.

“तीही उघडून बघू. पोतं टाकल्यासारखी आपटा.”

एकदा आपटली. काही झालं नाही. चारदा, पाचदा आपटली. ड्रायव्हरने मालकाचं नाव काढून पाहिलं, मग उशिराचं निमित्त काढून पाहिलं. मिस्त्री खिडकीशी उभा राहून दांड्याकडे बघत होता. दर वेळी ‘अजून’ एवढंच म्हणत होता.

अकराव्या वेळी खट्ट झालं. दांडा खाली पडला. ट्रक वीतभर सरकला आणि दगडांना टेकला.

बायकोचे दोन्ही हात मांडीवर होते.

“मी हात लावला नाही,” ती म्हणाली.

“मी बघत होतो.”

इंजिन बंद करून त्याने दांड्याचं खालचं अंग खोललं. दांडा अडवून धरणारा खटका बोटभर लांबीचा. त्याचा दात पार गोल झाला होता. रॉकेलच्या फडक्याने पुसून त्याने तो उजेडात धरला. दाताच्या कडेला कानशीच्या रेघा अजून होत्या. झिजलेल्या खटक्याला कानशीने पुन्हा धार काढायची आणि नवा मिळेपर्यंत चालवायचं, ही त्याची जुनी रीत. वरचा कडक थर गेला की आतलं लोखंड लवकर झिजतं, हे तो जाणून होता. नवा आणायचं राहून गेलं होतं.

बायको उतरून शेजारी आली. तिने खटका हातात घेऊन तिरका करून पाहिला. रेघा डावीकडे कललेल्या होत्या. घरातली सुरी तोच घासून द्यायचा. तिच्या पात्यावर रोज याच रेघा दिसत. डावखुऱ्या.

“हे तुमच्या हातचं,” ती म्हणाली.

“हो.”

नवा खटका तिसऱ्या दुकानात मिळाला. मिस्त्रीने तो बसवला. या वेळी स्टेपनी आपटायला तो स्वतः चढला. तीस वेळा. बायको आतून मोजत होती. दांडा तसूभरही हलला नाही.

जाताना ड्रायव्हरजवळ त्याने निरोप दिला, की संध्याकाळी मालकांना भेटायला येतो.

“बिलाचं काही आहे का?”

“नाही. मागे त्यांना एक खोटं सांगितलं होतं, ते मागे घ्यायचंय.”

मग तो टेबलाशी बसला. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिलं, ‘तू ओढला होतास. खटक्याचा दात मी घासला होता, तो सुटला. सोबत पाठवतोय. मालकांना आजच सांगतो. वजनकाट्यावर कारकुनालाही उद्या जाऊन भेटतो.’ खटका कागदात गुंडाळून पाकिटात घातला. पत्ता बायकोने लिहिला. तिला तो पाठ होता.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीची फट अरुंद होती. पाकीट अडलं. तिने झाकण वर उचलून धरलं, त्याने डाव्या हाताने ढकललं. आत, तळाशी, लोखंडावर लोखंड वाजलं.