लाल फितीची पिन

उपग्रहाचे घडी घातलेले पंख वर जाऊन उघडले, की त्यांच्या बाराही बिजागऱ्या खट्‌कन आपोआप अडकणार होत्या. जमिनीवर त्या चुकून उघडू नयेत म्हणून प्रत्येकीत लाल फितीची एकेक पिन खोचलेली होती. उड्डाणाआधी जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञाने स्वतःच्या हाताने सगळ्या पिना काढल्या, खिशात कोंबल्या आणि न मोजताच 'बारा' लिहून सही ठोकली.

यान सुटलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याने हौसेने खिसा रिकामा केला, तर पिना अकराच! एक बिजागरीतच राहिली असेल, तर पंख उघडणारच नव्हता. चारदा मोजल्या, खुर्चीखाली वाकून पाहिलं. पंख उघडायला वीस मिनिटं उरली होती आणि त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. मग एकदम आठवलं, अशीच एक पिन बायको अंबाड्यात खोचते! त्याने घरी फोन लावला.

"अगं, ती लाल फितीची पिन आहे ना तुझ्याकडे?"

"ही काय, डोक्यातच आहे."

"वाचलो बाई! म्हणजे मुळात अकराच लावल्या होत्या." तो मटकन खुर्चीत बसला. "बारावी तूच पळवलीस होय!"



"बारावी कुठली? अहो, ही तर तुमच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी माझ्यासाठी मुद्दाम बनवून दिलेली तेरावी!"