पुढचं तुम्हीच लिवा

"मंग त्या माणसाचं काय झालं?" हरिदासनं विचारलं.

"पुढचं मले दिसलं नाई जी," गोकुळाबाई म्हणाली. "पोरीले पाठीवर घेऊन तो खडकामागं गेला. तिथून पुढचं तुम्हीच लिवा."

वडशातल्या नाटक कंपनीच्या खोलीत, मासळीची टोपली बाहेर ठेवून ती उंबऱ्याशी बसली होती. हरिदास कंपनीचा लेखक. त्याची मागची दोन्ही नाटकं पडली होती आणि मालक देवाजींनी तोंडावर सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत नवं नाटक दे, नाई तं मी दुसरा लेखक पायतो." धान निघालं की झाडीपट्टीत गावोगाव नाटकांचे मंडप उभे राहणार होते. हरिदासकडे मात्र चार ओळीही नव्हत्या. अशात ही मासे विकणारी बाई आपणहून म्हणाली होती, "माह्यापाशी एक गोष्ट हाये. पण अर्धीच हाये."

गोष्ट म्हणजे नुसता सांगाडा. खूप वर्षांमागं मार्कंड्याच्या जत्रेला निघालेला डोंगा वैनगंगेत उलटला. बाकीचे कसेबसे पलीकडच्या काठाला लागले. एक लहान पोरगी डोहात गटांगळ्या खात राहिली. डोक्याला हिरवा दुपट्टा बांधलेल्या एका माणसानं अलीकडच्या काठावरून उडी घेतली, पोरीला पाठीवर घेतलं, आणि पाण्याची ओढ दोघांना खडकामागं घेऊन गेली.

"पोरगी जगली ना?"

"जगली असंच लिवा."

तिचा आवाज असा काही भरून आला, की हरिदासला पुढचं विचारायची गरज वाटली नाही. तो लिहायला बसला.

मासे विकून झाले की गोकुळाबाई यायची आणि तो लिहिलेलं वाचून दाखवायचा. एकदा त्यानं नायकाला लांबलचक भाषण दिलं. तिनं मान हलवली.

"असा नाई बोलत तो. कमी बोलते."

"तुम्हाले काय मालूम?"

"बोलणारा माणूस बोलतच राह्यते, भाऊ. उडी नाई मारत."

हरिदासनं हसून भाषणावर काट मारली.

पोरीबद्दल मात्र ती काहीच सांगायची नाही. दिसायला कशी, नाव काय, काही नाही. "बारकी होती," एवढंच. हरिदासला त्याचं नवल वाटलं नाही. आपल्या लेकराचं रूप आई चारचौघांत वर्णन करत नाही, दृष्ट लागते. नाटकातल्या पोरीचं नाव त्यानंच ठेवलं.

भांडण झालं ते शेवटावरून. हरिदासनं नायकाला डोहात बुडवला होता. पोरीला खडकावर बसवतो आणि स्वतः वाहून जातो. त्यानं रंगात येऊन वाचलं. गोकुळाबाई उठून उभी राहिली.

"काऊन? नाई जमलं?"

"त्याले घरी जाऊ द्या जी."

"अवो बाई, लोकं रडले पायजेत!"

"तो घरी गेला तरी रडतीन. तुम्ही लिवून तं पाहा."

हरिदास चिडला, पण लिहायला बसला. आणि लिहिता लिहिता ते त्याला सापडलं. माणूस ओलाचिंब घरी येतो. बायको भाकरी थापते आहे. "कुठी भिजले?" ती विचारते. "पाय घसरला," तो म्हणतो आणि जेवायला बसतो. बस. पडदा.

हे वाचून दाखवलं तेव्हा गोकुळाबाईनं पदर तोंडावर घेतला तो कितीतरी वेळ काढला नाही. तालमीला बसलेले देवाजीसुद्धा चष्मा पुसत राहिले.

नाटक तुफान चाललं. लोक बैलबंड्या जुंपून येत आणि ओल्या डोळ्यांनी परतत. हरिदासचं नाव झालं. ही सगळी त्या बाईची देणगी आहे, हे तो विसरला नाही. "तुम्हाले काय देऊ?" त्यानं विचारलं.

"मले गाडीत संगं न्या. नदीकाठच्या गावाले जासान तेव्हा."

नदीकाठच्या प्रत्येक खेळाला ती येऊ लागली. बायकांच्या बाजूला कोपऱ्यात बसायची. हरिदासच्या लक्षात आलं, की ती रंगमंचाकडे कमी आणि माणसांकडेच जास्त बघते. आपली गोष्ट लोकांना कशी लागते ते बघत असेल, बिचारी.

चामोर्शीकडच्या एका गावात पडदा पडला तेव्हा उजाडलं होतं. हरिदासला राहवलं नाही. त्यानं गोकुळाबाईला हाताला धरून वर आणलं आणि माइकवर सांगितलं, "हे नाटक माझं नाही. या बाईनं दिलं, मी फक्त पुरं केलं."

टाळ्या थांबल्या. गर्दीतून एक तरुण बाई, कडेवर लेकरू घेऊन, मंचाजवळ आली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"मी रीता," ती म्हणाली. "डोंग्यातली पोरगी मीच हाओ."

मायलेकींची ताटातूट झाली होती तर! त्यानं गोकुळाबाईकडे पाहिलं. ती मंचाच्या कडेला खाली बसली होती आणि दोन्ही हातांनी त्या पोरीचा चेहरा चाचपत होती.

"माही माय जाईपर्यंत म्हणे, त्या माणसाच्या पाया पडाचं राह्यलं," रीता सांगू लागली. "त्यानं मले खडकावर बसवलं, मंग तो मले दिसलाच नाई. तो घरी गेला, हे आज समजलं. कुठी राह्यते जी तो? मले त्याच्याकडं न्या."

गोकुळाबाईनं तिचं डोकं छातीशी धरलं.

"माहा माणूस होता तो, बाई. दुसऱ्या दिवशी नदीतून काढला, तं हात रिकामे होते त्याचे. मले वाटलं, पोरगीबी गेली," ती म्हणाली. "तू जगलीस माय. लय उपकार झाले तुहे."