पूर्ण वाक्यात

साहेबांनी आपली बॅग ठेवली ती नेमकी तिसऱ्या बाकावर, मुकीच्या जागी. आज वर्गात जागेला तोटा नव्हता. निम्मे बाक रिकामे, आणि उरलेल्या बाकांवर इस्त्रीच्या गणवेशातली, केस चप्प बसवलेली मुलं. बाईंनी त्या बॅगेकडे पाहिलं आणि तोंड फळ्याकडे वळवलं.

वाचनाची तपासणी होती. शाळेची सरासरी सारखी घसरत चालली होती. यंदाही घसरली, तर शाळा हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळून टाकायची, असं वरून ठरलं होतं. आणि बांधकामावरची मुलं हायवे ओलांडून शाळेत जाणार नाहीत, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. शाळेत निम्मी मुलं तीच होती. घरात बोलायची भाषा वेगळी, इमारत पुरी झाली की बिऱ्हाड दुसरीकडे. त्यांच्या जिवावर पट टिकला होता आणि त्यांच्याच पायी सरासरी बुडत होती. काल हेडसरांनी बाईंना बाजूला घेऊन समजावलं, की ती मुलं पटावर हवीत, तपासणीला नकोत. सरासरी काय, हजर असतील त्यांचीच काढतात. आपण हे करतोय ते त्यांच्यासाठीच, असंही ते म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं, हीच तर पंचाईत होती. शाळा सुटताना बाईंनी त्या मुलांना थांबवून घेतलं आणि उद्या सुट्टी आहे म्हणून सांगितलं. मुलं आनंदाने ओरडत पळाली.

एकट्या मुकीसाठी मात्र बाईंनी हेडसरांकडे शब्द टाकून पाहिला होता. मुकी हे वर्गाने ठेवलेलं नाव. शाळेत आल्यावर कित्येक महिने तिने तोंड उघडलं नव्हतं. काहीही विचारा, नुसती मान हलवायची. बाईंनी तिला रोज शाळा सुटल्यावर शेजारी बसवून घेतलं. तिने मान हलवली की बाई म्हणायच्या, पूर्ण वाक्यात सांग. मग ती एकेक शब्द गोळा करून वाक्य उभं करायची आणि बाईंकडे बघत राहायची. शाब्बास ऐकल्याशिवाय जागची हलायची नाही. आता ती वाचायलाही लागली होती. सावकाश, पण स्वच्छ. हेडसरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ऐन वेळी तिची वाचा बसली तर? बाईंनी मग विषय वाढवला नाही.

दुकानदाराचा मुलगा धडा वाचत होता. मागे कुणी लागल्यासारखा सुसाट सुटला होता, आणि मध्येच अडकला. "एक अ... अवा..." त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडला. साहेबांचं पेन कागदावर टेकलं.

"अवाढव्य," खिडकीतून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाहेर मुकी उभी होती. अंगात घरचा फ्रॉक, कडेवर धाकटा भाऊ, हातात पाण्याचा डबा. या आठवड्यात खिडकीखालच्या झाडांना पाणी घालायची पाळी तिची होती. सुट्टी माणसांना असते, झाडांना नसते, हे बाईंनीच वर्गाला सांगितलेलं.

"बांधकामावरची पोर आहे, साहेब," हेडसर घाईने म्हणाले. "येतात अशी डोकवायला."

साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बाईंना विचारलं, "तुमच्या वर्गातली नाही का ही?"

"नाही," बाई म्हणाल्या. तो शब्द इतक्या सहज निघाला, की त्यांना स्वतःचीच किळस आली.

साहेब उठून खिडकीशी गेले. "काय गं बाळ, शाळेत जातेस का?"

मुकीची मान सवयीने हलायला लागली होती. ती मध्येच थांबली. तिने वर्गावरून नजर फिरवली. दुकानदाराचा मुलगा होता, नर्सबाईंची मुलगी होती, बसचालकाची जुळी होती. तिच्या वस्तीतलं एकही पोर नव्हतं. मग तिने बाईंकडे पाहिलं. बाई तिच्यावर रागावल्या होत्या, हसल्या होत्या, कधी कंटाळल्याही होत्या. पण अशा डोळ्यांनी गयावया करणाऱ्या बाई तिने आजवर बघितल्या नव्हत्या. मुकीने भावाला कडेवर नीट सावरलं.

"मी शाळेत जात नाही," ती म्हणाली.

एकही शब्द अडखळला नाही. साहेब खूश झाले. मुलगी किती स्पष्ट बोलते, असं म्हणून त्यांनी हेडसरांना सुचवलं, की हिला शाळेत घालून घ्या, अशी मुलं बाहेर राहता कामा नयेत. हेडसर हो हो म्हणाले. साहेब परत जागेवर येऊन बसले आणि दुकानदाराच्या मुलाला पुढचा परिच्छेद वाचायला सांगितला. तो वाचू लागला.

बाईंनी खडू उचलला, खाली ठेवला. शेवटी न राहवून खिडकीकडे पाहिलं. मुकी अजून तिथेच होती. वाक्य पूर्ण सांगून झालं होतं, आणि ती बाईंकडे बघत उभी होती.