शंभर टक्के फोनवाली गल्ली

“आजी, घरात एकही फोन नाही? नक्की?”

“तिसऱ्यांदा विचारलंस म्हणून उगवणार आहे का गं तो?”

कोणाच्या घरी किती फोन, किती कॉम्प्युटर, हे मोजायच्या कामाला जुंपलेल्या शाळेतल्या बाईंनी कपाळाला हात लावला. कोणाकडे फोन नाही हे शोधायला काढलेलं अ‍ॅप फोन नंबर टाकल्याशिवाय पुढे सरकतच नव्हतं. ते बनवणाऱ्याच्या अकलेला साष्टांग दंडवत! संध्याकाळपर्यंत गल्ली उरकली नाही तर साहेबांची नोटीस ठरलेली. बाईंनी स्वतःचाच नंबर ठोकून दिला. त्यांच्या पर्समध्ये ओटीपी वाजला आणि आजी घरबसल्या डिजिटल झाल्या.

“माझ्या मोतीबिंदूचं तेवढं बघ हो,” आजी म्हणाल्या. “ऑपरेशनच्या तारखेचं पत्र यायचंय दवाखान्यातून. आता चूलसुद्धा चाचपडत पेटवते मी.”

“येईल हो पत्र,” बाई चपला घालता घालता म्हणाल्या.

गल्लीतल्या बिनफोनच्या सगळ्याच घरांवर बाईंनी ही कृपा केली. पुढे कित्येक दिवस त्यांचा फोन नको नको त्या मेसेजांनी किणकिणत राहिला. तपासणीला या, अर्ज भरा, तारीख चुकवू नका. जाहिरातींचा हा ताप बाई न वाचताच पुसत राहिल्या.

मग एके दिवशी भर सभेत साहेबांनी त्यांना पुष्पगुच्छ दिला. “बाईंच्या गल्लीत घरटी फोन! म्हणूनच आपण पत्रं केव्हाच बंद केली. दवाखान्याच्या तारखासुद्धा आता मोजणीतल्या नंबरांवरच जातात.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंना मात्र आजींचं पत्र आठवलं. त्यांनी घाईघाईने फोन काढला. सकाळचा एक मेसेज पुसायचा राहिला होता. ‘मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आपण तिन्ही तारखांना आला नाहीत. गरज नाही असे समजून आपले नाव वगळले आहे.’

बाई गुच्छासकट आजींकडे धावल्या. आजी दारातच बसल्या होत्या.

“कोण, पोस्टमन का?”

“मी आहे, आजी.” बाई शरमेने म्हणाल्या. “तुमची तारीख तीनदा आली होती. माझ्या फोनवर. मी बघितलंच नाही. आता नाव काढलंय तुमचं.”

आजींनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

“मग तूच जाऊन यायचंस गं,” त्या म्हणाल्या. “खरी गरज तुझ्याच डोळ्यांना होती.”