वयाचा रकाना

पार्वतम्माने पहिल्याच झटक्यात सुईत दोरा ओवला आणि डॉक्टर वेणीमाधवांना स्वर्ग दोन बोटं उरला. सत्तर वर्षांची बाई, तोंडात मोजून चार दात, डोकं कापसासारखं पांढरं, आणि चष्म्याशिवाय सुई ओवते. त्यांनी लगेच वहीत तशी नोंद केली.

आठ वर्षं ते सोलापुरात या एकाच गोष्टीमागे लागले होते. माणूस स्वस्थ पडलेला असताना त्याचं शरीर किती इंधन जाळतं, आणि वय झालं की आतली ही शेगडी मंद का होते? विलायतेहून पदवी घेऊन आलेला माणूस, पण इथे दवाखान्यामागची एक खोली, वजनकाटा आणि श्वास साठवायची रबरी पिशवी, एवढाच त्यांचा संसार. चाळींतली साठीपुढची माणसं सकाळी उपाशीपोटी येत, नाकाला चिमटा लावून पडत, पिशवीत श्वास सोडत आणि जाताना पेलाभर दूध पिऊन जात. दोनशे जणांच्या शेगड्या मोजून झाल्या. सगळ्या मंद. म्हातारी माणसं म्हातारी असतात हे कळायला विलायतेला कशाला जावं लागतं, असं बायकोचंही सुनावून झालं होतं.

मग ही आली. गिरणीत रिळाच्या खात्यात काम करणारी, पाठीत वाकलेली. डॉक्टर म्हणाले, "आजी, इथे पड," आणि ती निमूट पडली. वय विचारायच्या भानगडीत ते कधी पडत नसत. या लोकांना स्वतःचं वय ठाऊक नसतं असं त्यांचं ठाम मत होतं. दात, केस, कातडी बघून ते स्वतःच आकडा घालत, आणि आपला अंदाज चुकत नाही याचा त्यांना भारी अभिमान होता. वयाच्या रकान्यात त्यांनी सत्तर लिहिलं. श्वास मोजला तर शेगडी तरण्या बाईसारखी धगधगत होती. सात वेळा मोजला, सातही वेळा तेच. दर खेपेला ती अर्धं दूध पिई आणि अर्धं पदराखालच्या तांब्यात ओतून नेई. नातवंडांसाठी नेत असेल, असं डॉक्टर समजले.

त्यांनी बंगलोरच्या एका संस्थेला पत्र घातलं. उत्तर आलं की हे खरं असेल तर तुमची जागा इथे आहे, फक्त बाईच्या वयाचा पुरावा पाठवा. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. सत्तर वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाचा पुरावा आणायचा कुठून? तरी विचारायचं म्हणून त्यांनी तिला विचारलं, तुझा जन्म पाहिलेलं कुणी आहे का. आहे की, दुधनीला आहे, ती सहज म्हणाली. त्या आठवड्यात डॉक्टरांना झोप लागली नाही. नव्वदीचा साक्षीदार म्हणजे त्यालाही पिशवी लावता येणार होती.

रविवारी सकाळच्या गाडीने आलेल्या एका बाईला घेऊन पार्वतम्मा दारात उभी राहिली. बाई ताठ कण्याची, केस अजून निम्मे काळे. डॉक्टरांनी त्या दोघींच्या मागे पाहिलं. कोणीच नव्हतं.

"लेकीला आणलंस, आजी. साक्षीदार कुठाय?"

"लेक न्हाय, सायेब. ही माजी आई."

आई सांगू लागली. प्लेगच्या पहिल्या साली गाव सोडून सगळे माळावर झोपड्यांत राहिले होते, तिथे ही झाली. दहाव्या वर्षी मामाने हिला गिरणीत घातलं. आठ बाळंतपणं झाली, त्यातली दोन पोरं जगली. डॉक्टरांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. तेव्हाचं अठराशे सत्त्याण्णव साल, आत्ताचं एकोणीसशे बत्तीस. पस्तीस वर्षं. मी आजी म्हणत होतो तेव्हा तू गप्प का राहिलीस, असं त्यांनी जरा चिडूनच विचारलं.

"तुमी शिकलेली मानसं," पार्वतम्मा म्हणाली. "मला वाटलं, मान देऊन बोलताय."

त्यांनी वही ओढली. सत्तरावर रेघ मारून पस्तीस लिहिलं. बाकी एकाही आकड्याला हात लावावा लागला नाही. श्वास, नाडी, नजर, सगळं पस्तिशीच्या बाईचं असावं तसंच होतं. त्या ओळीत बघण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. बंगलोर गेलं. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला, पण कुणाचा ते कळेना. एवढं मोजलंत तर माझ्या पोरीला झालंय तरी काय, असं आईने विचारलं. काही नाही, ते म्हणाले. वहीप्रमाणे ते खरंच होतं.

ही तपासणी फक्त साठीपुढच्या माणसांची असते आणि दूधही त्यांच्यापुरतंच येतं, तेव्हा उद्यापासून यायचं कारण नाही, हे त्यांनी खाली मान घालून सांगितलं. पार्वतम्माने रिकामा तांब्या पदराखाली घेतला आणि थोडा विचार केला.

"बरं," ती म्हणाली. "मग साठ वर्सं भरली की येते."